राणी चावली तो अंगठा

३ एप्रिल १९०९

वहीबाई, मागच्या खेपेला मी काय सांगितलं होतं, आठवतंय? नाही ना. पोटात सगळं लिहिलेलं, तरी कुणी उघडून वाचल्याशिवाय तुला कणभर आठवत नाही. मला अक्षर येत नाही, पण डोकं शाबूत आहे. तेव्हा पुन्हा ऐक. मी झेली ओव्रे. पॅरिसहून आलेल्या बायकांना ब्रिकव्हालच्या समुद्रात बुचकळून काढायचं काम मी जन्मभर केलं. लिहिते आहे ती माझी नात, ओदील. ती मध्येच हसते, ते लिहू नये.

तर बातमी अशी. नगरपालिका किनाऱ्याने फिरायचा रस्ता करणार, दिवे लावून. माझं घर बरोबर त्याच्या मध्ये येतं. पाडणार.

५ एप्रिल

घर म्हणजे काय — एक खोली, एक चूल, एक खिडकी. पण खिडकी समुद्राकडे. गावातल्या सगळ्या जुन्या घरांची पाठ समुद्राकडे. दिवसभर ज्याच्याशी भांडायचं त्याचं तोंड घरी आल्यावर कशाला बघा, असं आमच्या कोळ्यांचं म्हणणं. माझ्या नवऱ्याने, आन्सेल्मने, एकट्याने भिंत फोडली, का तर मला बसल्या जागी भरती दिसावी. लोक त्याला वेडा म्हणाले. आता पॅरिसवाले भाड्याच्या खुर्च्या घेतात आणि दिवसभर तिकडेच तोंड करून बसतात. त्यांना कुणी वेडं म्हणत नाही.

आन्सेल्म गेला, खिडकी आहे. ती सोडून मी कुठेही जाणार नाही.

११ एप्रिल, ईस्टर

चर्चमधून थेट नगराध्यक्ष आला. गुस्ताव लकानू. याच्या आईलाही मी बुचकळलं होतं, तेव्हा हा पोटात होता. म्हणूनच बहुतेक सारखा ओला दिसतो.

"आजी, मोंतेर्बला पडका किल्ला आहे," म्हणाला. मोंतेर्ब म्हणजे शेजारचं गाव, आमचं सात पिढ्यांचं वैर. "पॅरिसवाल्यांना अंघोळीआधी थोडा इतिहास लागतो. आपल्याकडे काय आहे?"

"हेरिंग मासळी."

"मस्करी नको. एवढ्या बायका बुचकळल्यात, त्यात एखादी राणी नव्हती?"

"रुआं शहरातल्या बटणवाल्याची बायको होती. तिसऱ्या लाटेला डोकं पाण्याखाली घातलं, तर अंगठ्याला कडकडून चावली. हा बघ वण."

तो वणाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आजी, ज्या घरातून राणी समुद्रात उतरली, ते घर काही कुणाला पाडता येणार नाही."

मी खिडकीकडे पाहिलं. भरती अर्ध्यावर आली होती.

"कुठली राणी?" मी विचारलं.

"ते समिती ठरवेल."

"दात मात्र चांगले होते हो तिचे," मी म्हटलं.

२ मे

समितीने ठरवलं. एका छोट्या जर्मन राज्याची राणी. ते राज्य आता नकाशावर नाही, म्हणजे तक्रार करायला कुणी येणार नाही.

२० मे

गावाला एकदम आठवायला लागलंय. बेकरीवाल्या तोस्तँच्या आजोबांकडून राणीने गोड पाव नेला. फादरना आठवलं की ती चर्चमध्ये गुडघे टेकून रडली. औषधवाल्याने तिची सर्दी बरी केली. मी तिला पाण्यात धरून होते तेवढ्या वेळात हे सगळं उरकायचं, तर बिचारीला धावावं लागलं असेल.

शेजारचा प्रॉस्पर तर म्हणतो, त्याने तिला होडीतून फिरवली.

"मेल्या, तू जन्मलाही नव्हतास."

"म्हणूनच स्वच्छ आठवतंय, झेलीमावशी. मध्ये दुसरं काही आलेलं नाही."

१४ जून

अंगठा बघायला दारात रांग. एका बाईने चष्मा पुसून पुसून पाहिला आणि म्हणाली, "काय नाजूक दात." तिच्या नवऱ्याने वाकून अंगठ्याचं चुंबन घेतलं. मी सकाळपासून हेरिंग साफ करत होते. त्याला इतिहासाचाच वास वाटला असावा.

३० जून

भिंतीवर पाटी लागली. ओदीलने वाचून दाखवली. राणीचं नाव मोठं, नगराध्यक्षाचं त्याहून मोठं, माझं नाही. नसू दे. रस्ता वळवला. घर राहिलं.

१ जुलै

खिडकीत बसले. भरती आली, गेली. आन्सेल्म, वाचलं रे.

२२ ऑगस्ट

गुस्ताव आला. खुर्चीत बसला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

घराचं संग्रहालय करणार. सगळं 'त्या काळासारखं' हवं. माझ्या कोंबड्या त्या काळातल्या नाहीत. कोबीच्या सूपचा वास त्या काळातला नाही. आणि मी म्हातारी, म्हणजे मीही नाही. सोबत एक मेणाची झेली आणली होती — तरुण, पांढरी टोपी, हसरी. मी कामावर कधी हसले नाही. हसलं की तोंडात पाणी जातं.

"अरे, मी जिवंत असताना मेणाची कशाला?"

"आजी, तुम्ही मध्येच खरं बोलता."

मला नन्सच्या वृद्धाश्रमात पाठवणार. आमच्या गावात तो नाही. मोंतेर्बला आहे.

ओदील रडते आहे. कामाला आहे तिथे मालकिणीच्या माळ्यावर तिला एकटीलाच जागा, ती तरी काय करणार. शाई पसरेल, पुस ते.

३ सप्टेंबर

मोंतेर्ब. खिडकीतून नुसती भिंत दिसते.

१९ सप्टेंबर

आजचं अक्षर सिस्टर युलालीचं. त्या हसत नाहीत, पण लिहिताना खांदे हलतात.

इथला नगराध्यक्ष मिठाई घेऊन आला होता. आमच्या संग्रहालयात जाऊन आलेले लोक म्हणे कुरकुरतात, मेणाच्या झेलीच्या अंगठ्याला वणच नाही. त्याने माझा अंगठा दोन्ही हातांत धरला. "आजी, ती राणी नक्की ब्रिकव्हाललाच चावली का हो?"

मी म्हटलं, "वय झालं, बाबा. समुद्र दिसला तर कदाचित आठवेल."

दुपारीच माझी खाट वरच्या खोलीत, खिडकीपाशी हलवली. भरती इथूनही तीच दिसते. मला हळूहळू आठवायला लागलंय.

ओदील, वही तुझ्याकडे पाठवते आहे. गुरुवारी इथला नगराध्यक्ष जेवायला येणार. धुरी दिलेलं हेरिंग पाठव, डोक्यासकट, आणि खारं लोणी. दोघांना पुरेल एवढं. रिकाम्या पोटी मला गावाचं नाव आठवत नाही.