ताईचे डबे

३ मार्च, सोमवार

कपाट उघडलं आणि अंगावर डबे कोसळले! आइस्क्रीमचे, लोण्याचे, दह्याचे. ताईने आयुष्यात एकही डबा फेकलेला दिसत नाही. आइस्क्रीम म्हणून हौसेने उघडावं तर आत पीठ! निवृत्त होऊन थोरल्या बहिणीकडे राहायला आले ती निवांतपणासाठी. भंगाराच्या दुकानात संसार मांडायची हौस नव्हती मला.

५ मार्च, बुधवार

इमारतीच्या कचरा समितीवर मला घेतलं. घेतील नाहीतर काय करतील! बाकीच्यांना ओला कुठला आणि सुका कुठला हेसुद्धा सांगावं लागतं. चिटणीस उठता-बसता रिसायकलिंगचा जप करतात आणि स्वतःच्या खरकट्या डब्या तशाच पोत्यात कोंबतात. मी जिन्यात पाटी लावली — प्लॅस्टिक धुऊन, सुकवून, सुक्या पोत्यात.

ताईलाही समजावलं. प्लॅस्टिक वितळवतात, त्यातून नवं घडवतात वगैरे. ती म्हणे, "म्हणजे माझा धडधाकट डबा मोडायचा, वितळवायचा, त्याचा परत डबाच करायचा, आणि तो मी विकत आणायचा?"

तुला नाही कळणार, म्हटलं.

"नसेल, मास्तरीणबाई. पेपर वाचून दाखव आता."

जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं आणि घरात ही किंमत! पेपरही रोज मीच वाचून दाखवायचा. आळशी कुठली.

८ मार्च, शनिवार

ताई मैत्रिणीकडे राहायला गेली. संधी सोडते की काय! सगळं सामान काचेच्या एकसारख्या बरण्यांत भरलं. प्रत्येक बरणीवर ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी. डबे पोत्यात, पोतं जिन्याखाली. स्वयंपाकघर पहिल्यांदाच माणसांचं वाटतंय.

१० मार्च, सोमवार

ताई आली. आता आकाशपाताळ एक करणार असं वाटलं होतं. तिने एक बरणी हातात घेतली, फिरवली, ठेवली. "छान आहेत," एवढंच.

मग चहा केला. चहात मीठ! सरळ बेसिनमध्ये थुंकले. सूड उगवतेय, दुसरं काय?

११ मार्च, मंगळवार

आज भाजीत साखर. चिठ्ठ्या समोर असताना! पण मुद्दाम करत नसावी. घास तोंडात घेतला आणि तिचा चेहराच उतरला. डोकं चालेनासं झालंय तिचं, आणि हे सांगायची हिंमत कोणात नाही. माझ्यात आहे.

१२ मार्च, बुधवार

भाच्याला फोन केला. तुझ्या आईला विसरायला होतंय, म्हटलं. "वाटलंच होतं, मावशी. रविवारी येतो आणि घेऊनच जातो." तिकडे तिला खोली, टीव्ही, कामाला बाई. गॅसला हात लावायचा नाही.

ताईला सांगितलं. ओट्यावरून फडकं फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी माझ्या ओट्यापाशीच बरी होते गं." हट्टी!

१३ मार्च, गुरुवार

जिन्याखाली पोत्यांचा ढिगारा. कितीतरी दिवसांत एकही हललेलं नाही! भंगारवाल्याला बोलावलं. त्याने एका पोत्यात हात घातला आणि काढला. "बाई, हे कोणी घेत नाही. बाटल्या असल्या तर द्या."

मग याचं होतं काय?

"काय व्हायचंय? जाळतात, नाहीतर पुरतात."

चिटणीसांना गाठलं. म्हणे, "आपण वेगळं करतो ना, ते महत्त्वाचं!" वा रे समिती. आणि त्या समितीत मी!

१४ मार्च, शुक्रवार

दुपारी पाणी प्यायला गेले तर ताई ओट्याशी. एकेक बरणी चाचपत होती. झाकण काढायचं, बोट बुडवायचं, जिभेला लावायचं. चिठ्ठ्या अगदी नाकासमोर! अगं, वाच की, म्हटलं. ती दचकली. "लिहिलंय का काही?" म्हणाली आणि कसनुसं हसली.

मग सगळं सांगितलं. दोन वर्षं झाली. समोरचं दिसतच नाही, कडेचं तेवढं थोडंफार. डॉक्टरांनी हात टेकले. मुलगा उचलून नेईल म्हणून कोणाला बोलली नाही. चौकोनी डबा म्हणजे साखर. खाचांच्या झाकणाची डबी, मीठ. कोपरा चेपलेला तो चहा. पोरीसारखी बोटांवर मोजून दाखवत होती.

"तुझ्या बरण्या छान आहेत गं. पण सगळ्या सारख्याच."

आणि मी तिला आळशी ठरवलं, वेडी ठरवलं! मला माझीच इतकी किळस कधी आली नव्हती.

१५ मार्च, शनिवार

सकाळपासून पोती उपसली. चिटणीस कठड्यावरून बघत. "काय हरवलं?" साखरेचा डबा, म्हटलं. कोणीच काही नेलं नव्हतं म्हणून सगळे सापडले! या समितीच्या नालायकपणाचे आभार मानायची वेळ आली. माझी पाटी फाडून टाकली.

डबे धुतले. ताईने एकेक हातात घेऊन आपापल्या जागी ठेवला. भाच्यासमोर डोळ्यांचा विषय काढायचा नाही असं ठरलं.

१६ मार्च, रविवार

भाचा रिकामी बॅग घेऊनच आला. चहा ताईने केला, मी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही. तो चवीने प्यायला. मग ताईच बोलली, "मला तुझा चेहरा दिसत नाही रे, दोन वर्षं झाली. आता सांग, साखर कमी पडली का?"

त्याने नुसती मान हलवली. मग लक्षात आलं असावं. मोठ्याने म्हणाला, "नाही, आई."