तिसऱ्या मजल्यावरची मेथी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

राजाभाऊंचा फोन. मंडळाचे कार्यवाह. कुवेतमध्ये कुठेही चार मराठी माणसं उभी असली, की पाचवे हे — हातात माइक घेऊन. चोवीस तारखेला, शुक्रवारी, खैरानच्या समुद्रकिनारी दिवाळी संमेलन. भाड्याचं शॅले ठरलं, फराळ ठरला, आणि "ताराआजींना श्रद्धांजली म्हणून" माझा लेख वाचायचंही ठरलं. 'तिसऱ्या मजल्यावरची मेथी'. वाचणार ते स्वतः. आजींचा आवाज काढून!

"वीणाताई, बेस्ट लेख तो! आमची मिसेस अजून आठवून आठवून हसते. फक्त तुमचं हो पाहिजे. पुढच्या मंगळवारपर्यंत सांगा, पत्रिका छापायला टाकायचीय."

बघते म्हटलं.

आईला जाऊन साडेतीन महिने झाले. हसायला लोकांची हरकत नाही, माझी का असावी? दमलेय, एवढंच.

१३ ऑक्टोबर

लॅबमधून आले ती तशीच बसले. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नळ्या. कुणाचं काय बिघडलंय ते बावीस वर्षं मी सांगतेय, बिनचूक. मग कपाटातून मंडळाचे जुने अंक काढले.

'आमच्या मातोश्री' हे माझं सदर. बाबा गेल्यावर आई नाशिकहून आमच्याकडे अब्बासियात आली, आणि विनोदी लिहिणाऱ्या बाईला आणखी काय हवं! आमच्या बिल्डिंगचा हारिस म्हणजे राखणदार साबीर. बांगलादेशी. त्याला आईने संक्रांतीला तिळगूळ दिला आणि शुद्ध नाशकी मराठीत बजावलं, "गोड बोल, आणि पाणी वेळेवर सोड." त्याला एक अक्षर कळलं नाही. पाणी मात्र त्या दिवसापासून वेळेवर.

मेथीचा लेख मार्च २०२३ चा. आई बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, कोथिंबीर घेऊन येत होती. चौथ्याऐवजी तिसऱ्या मजल्यावर उतरली. सगळे मजले सारखे, दारं सारखी. तिथे रिदा आणि तिच्या मैत्रिणी राहतात, केरळच्या नर्सेस. दार उघडं, टेबलावर मेथीच्या सहा जुड्या. आई बसली आणि सगळी मेथी निवडून ठेवली. पानं वेगळी, देठ वेगळे. रिदा न्हाऊन बाहेर आली, तर आई तिलाच म्हणते, "केस पूस नीट, सर्दी होईल!"

संध्याकाळी आईने हे असं सांगितलं, की माझा नवरा जयदीप खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मी दुसऱ्या दिवशी लिहून टाकलं.

त्याच दिवशी रिदा लिफ्टमध्ये म्हणाली होती, "दीदी, आंटी को एक बार डॉक्टर को दिखा दो." तेही मी लेखात घातलं. पुढे माझं वाक्य — 'हॉस्पिटलात नोकरी केली की निवडलेली मेथीसुद्धा केस वाटते.'

१४ ऑक्टोबर

त्या वाक्याला गणपतीत टाळ्या पडल्या होत्या. मीच वाचलं होतं. थांबून, टाळ्यांना जागा ठेवून.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पहाटे सव्वापाचला जयदीप खाली उतरला. कंपनीची बस. मी गॅलरीत गेले — उगाच.

आई रोज इथे उभी राहायची आणि जाणाऱ्या प्रत्येक बसला हात करायची. एकामागून एक पंधरा बसेस, पंधराही पांढऱ्या. म्हटलं, "अगं, जावई त्यातल्या एकीत असतो!" तर म्हणे, "मग बाकीच्यांना काय घरचं कुणी नाही का?" पुढे पुढे बसमधली माणसंही हात करायला लागली. हेल्मेटवाली, अर्धवट झोपेतली, कुठली कुठली.

आज एका बसमधून दोघातिघांनी वर पाहिलं. मी आत आले. मला नाही जमत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी. सगळं सदर सलग वाचलं. एक्केचाळीस लेख. लेकीची, ओवीची पेन्सिल घेतली आणि खुणा करत गेले.

एका आठवड्यात आईने तीन एकादश्या केल्या — लेखाचं नाव 'पुण्यसंचय'. नाशिकच्या बंद पडलेल्या लँडलाइनवर बाबांना फोन लावत बसली — 'दीर्घ प्रतीक्षा'. नातीला वीणा आणि मला ओवी म्हणाली — 'बढती'. काय नावं! मीच हसायची माझ्या नावांवर.

नऊ खुणा झाल्या. नऊ लेख म्हणजे विनोद नव्हते. पहिला मेथीचा. आणि स्मृतिभ्रंशाचं निदान झालं नोव्हेंबर २०२४ ला. वीस महिने. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "आधी घरात काहीच लक्षात आलं नाही?" मी म्हटलं, नाही. माझ्याकडे सगळा केसपेपर तारीखवार छापलेला होता, चित्रांसकट!

प्रत्येक लेखाचा शेवट एकच. मी आईला दम देते, "नीट राहायचं, नाहीतर नाशिकचं तिकीट काढीन!" हे वाक्य मंडळातली पोरंसुद्धा एकमेकांना म्हणायची. आईपण हसायची.

नाही वाचायचा हा लेख. कुणीच नाही.

१८ ऑक्टोबर

जयदीपला खुणा दाखवल्या. त्याने अंक मिटला.

"तू लिहिलंस म्हणून त्यांना झालं नाही वीणा."

"लिहिलं म्हणून मला दिसलं नाही."

"मलाही नाही दिसलं. मी तर लिहीतही नव्हतो."

समजूत घालायची त्याची पद्धत ही. इंजिनियर! बिघाडाची जबाबदारी दोन विभागांत सारखी वाटायची आणि चहा मागायचा. केला चहा. त्याने आईच्या कपात घेतला, मग लक्षात आल्यावर तो कप हातात धरून बराच वेळ बसला. गार झाला चहा.

१९ ऑक्टोबर, रविवार

लिफ्टमध्ये रिदा. रात्रपाळी करून आलेली, डोळे ओढलेले. मीच म्हटलं, तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं. माफ कर.

तिसरा मजला आला तरी ती उतरेना, दार पायाने अडवून उभी. मग म्हणाली, "आंटी उस दिन बहुत रोयी, दीदी."

मला वाटलं, दुसरं काहीतरी सांगतेय.

"मेथी पूरा हो गया, तब दीवार पे मक्का का फोटो देखा. पूछा, बेटी, मैं किसके घर में हूँ? फिर रोयी. मैंने पानी दिया. आपकी ओवी स्कूल से आ रही थी, उसके साथ ऊपर भेजा."

"आणि तुला केस पूस म्हणाली ते? बाल पोंछ लो, सर्दी होगी — बोली थी ना?"

"कौन से बाल? मैं तो ड्यूटी से आयी थी, यूनिफॉर्म में."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस? क्यों नहीं बताया?"

"आंटी ने हाथ पकड़ के बोला, मत बताना. इसलिए बस डॉक्टर बोला."

चौथ्या मजल्यावर दारापाशी किल्ली हातात घेऊन उभी राहिले. घरात येऊन तर ती हसत हसत सांगत होती. नकला करत! मग ते काय होतं? आणि ओवी होती तिथे? अडीच वर्षांत एका शब्दाने बोलली नाही?

ओवीला विचारायचं धाडस झालं नाही. सतरा वर्षांची आहे. साधं जेवलीस का विचारलं तरी "आयम फाइन, मम्मा".

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. यंदा कंदील नाही, फराळ नाही. साबीर दोन डबे घेऊन वर आला — शेजारणींनी पाठवलेले. नको म्हणता येईना. आईच्या खोलीच्या बंद दाराकडे बघून त्याने सलाम केला आणि गेला.

राजाभाऊंना फोन केला. नाही म्हटलं.

"अहो ताई, असं कसं! आजी स्वतः पहिल्या रांगेत बसून हसायच्या त्या लेखाला!"

"म्हणूनच नाही."

"मग दुसरा कुठला चालेल?"

"कुठलाच नाही. दोन मिनिटं शांत उभे राहा सगळे. तुम्हाला जड जाईल, पण राहा."

हे बोलायला नको होतं. माणूस वाईट नाही. जिभेला सवय लागलीय, मालकिणीला विचारत नाही ती.

फोन ठेवला तर ओवी दारात. "यू सेड नो? मम्मा, यू कान्ट. आजीने किती मेहनत घेतली होती त्यावर!" आणि रडायला लागली. आई गेली तेव्हाही रडली नव्हती ही पोरगी.

२२ ऑक्टोबर

ओवी आज बोलली. मराठीत — जवळजवळ.

"आम्ही जिन्यात बसलो होतो. आजीने आधी रडून घेतलं. मग म्हणाली, मी सांगते, तू बघ हसू येतंय का. थ्री टाइम्स सांगितलं, मम्मा. केस पुसायचं तिने तिथे ॲड केलं. नंतरचे पण सगळे आधी मला सांगायची. मी प्रॉमिस केलं होतं."

"पण का गं?"

"म्हणाली, डॉक्टरला कळलं की तुझी आई तिकीट काढेल. आणि हसली की ती विचारत नाही."

राजाभाऊंना निरोप टाकला — लेख वाचा. शेवटचं वाक्य गाळा. आणि पत्रिकेत लेखिकेचं नाव चुकलंय, ते दुरुस्त करून घ्या : तारा जगन्नाथ गायधनी.