पोटातल्यासाठी गोळी

१२ जाने. ७८, सोलापूर
दिवस गेलेत, आज नक्की झालं. आनंद व्हायला हवा. मुक्ता दीड वर्षाची, अजून धरल्याशिवाय बसत नाही. जन्मली तीच झटके घेऊन. बी-सिक्स जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं नि बघता बघता थांबले. तेव्हापासून रोज गोळी.

१४ जाने.
मुक्ताचे डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्यालाही तेच असू शकतं. तुम्ही आत्तापासून गोळी सुरू करा." किती? "तुम्ही फिजिऑलॉजी शिकवता, तुम्हीच सांगा." हसले. मला हसू आलं नाही.

३ फेब्रु.
पुण्याचे सर परीक्षक म्हणून आमच्या कॉलेजात आलेत. गाबा हे रसायन मेंदूला शांत करतं, ते बनायला बी-सिक्स लागतं, एवढं मी पोरांना शिकवते. सर म्हणाले, "वाढत्या मेंदूत गाबा स्वतःला धरणारे रिसेप्टरही घडवत असावं, असा संशय आहे." मग मुक्ताला पोटात गाबाच कमी पडलं, तर रिसेप्टर...? आता गोळीनं गाबा आलं तरी धरणार कोण? सर म्हणाले, "उलटंही असेल बाई. जास्त झालं तर रिसेप्टर कमी होतात. पोटातल्या बाळाचं कुणालाच ठाऊक नाही."

४ फेब्रु.
ह्यांना सांगितलं. "म्हणजे पाहुणाच आपली खोली बांधतो?"
हो. आणि गर्दी झाली तर पाडतोही, कदाचित.
"मग गोळी घ्यायची का नाही?"
माहीत नाही म्हटलं. चिडले. मीही.

५ फेब्रु.
सासूबाई मैंदर्गीहून आल्यात. "लई इचार करतीस बघ. मुक्तीला गुण आला न्हवं? मग पोटातल्यालाबी दे की."
जास्त झाली तर?
मुक्ताला मांडीवर ओढलं त्यांनी. "हिला तवा कुणी दिली न्हाय, म्हून..."

२० फेब्रु.
काही दिवस घेतली. मग सोडली. आज परत घेतली. असं करणं तर सगळ्यात वाईट असेल.

८ जून
आता नेमानं अर्धी. अर्धीच का, कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.
दुपारी पोटात हललं. जोरात, एकसारखं. मुक्ताच्या वेळीही असंच. नाचतंय म्हणून सगळे हसलो होतो. झटकेच होते का ते?
सासूबाईंनी हात ठेवला. "पाय मारतंय की गं."
व्हय म्हटलं. मग थांबलं.
पुन्हा हलायची वाट बघतेय. हलू नये असंही वाटतंय.