छत्रातली पहिली पंगत

कुंभकोणम्,
२० फेब्रुवारी २०२५

चि. गोदेस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. तिकडे कोइमतूरला तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो, कारण फोन काही तू उचलत नाहीस. म्हणून हा कागद. माझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे, हसू नकोस.

बातमी अशी, की आपलं छत्र पुन्हा उभं राहिलं. पणजोबांपासून आपल्या घराने यात्रेकरूंची सोय पाहिली ती जागा. तू गेल्यावर बंद पडून तिचं गोदाम झालं होतं. आता तिथे सरकारी इस्पितळातल्या रोग्यांच्या नातेवाइकांना फुकट राहायला-जेवायला मिळणार. चेन्नईहून मधुमिता नावाची आर्किटेक्ट आलीय. तिने खांबांवरचा हिरवा ऑइलपेंट खरवडून काढला आणि चुन्यात हिरड्याचं पाणी नि गूळ घालून नवा गिलावा केला. तो वास आला आणि मला आई दिसली, ओसरीवर केळीची पानं पुसत बसलेली; आणि तू, पानापानावर मीठ वाढत पुढे पळणारी. फार आठवण आली गं.

अप्पा रोज रिक्षाने जाऊन तिथे खुर्ची टाकून बसतात. नव्वदीला टेकले, पण गवंड्यांच्या चुका काढायचा उत्साह विशीतला. परवा मधुमिताने दारातच नोंदणीचं टेबल मांडलं. नाव, गाव, आधार कार्ड, मगच आत. अप्पा अडून बसले. छत्राचा नियम तुला ठाऊकच आहे: आलेल्याला आधी जेवू घालायचं, पानावरून उठेपर्यंत त्याचं नावसुद्धा विचारायचं नाही. बिचारीने ऐकलं. टेबल आता हात धुवायच्या जागेपाशी आहे.

सगळे पांगले तरी अप्पा उठेनात. मी समजलो. तू लग्न करून जोडीने आलीस ती इथेच. पानं मांडलेली होती, आणि जन्मभर परक्याला काही न विचारणाऱ्या अप्पांनी पोटच्या पोरीच्या नवऱ्याला उभ्या उभ्या जात विचारली. तुम्ही दोघं उपाशी परत गेलात. त्यानंतर आपल्या घरात हा विषय कुणी काढला नाही, मीही नाही.

शेवटी अप्पा म्हणाले, "गोदाला लिही. उघडायच्या दिवशीं पैली पंगत तिची. दोघांची."

जावयाचं नाव तरी ठाऊक आहे का, असं मी विचारलं. नव्हतं. त्या दिवशी नावापर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. मी सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

"नोको सांगूं. जेवूं दे त्याला पैलं. मग मीच पुसतों."

छत्र उघडतंय मासीमघाच्या तीर्थस्नानाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. मलाही तू हवी आहेस, गोदे. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव, पण जेवल्यावर.

दोन पानं राखून बसलेला,
तुझा अण्णा
चंद्रमौली