बसणाऱ्याचं वजन

धार,
सोमवार, कार्तिक वद्य तृतीया,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सरला हिस थोरला दीर संताजी याचा आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? देवासला थंडी आमच्याहून आधी येते, तेव्हा सकाळी वाकून झाडू मारणं बंद कर. चिरागचा खोकला गेला का? गुड्डीच्या सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन टोंकखुर्दला ठरलं की त्यांना इंदूरला नेणार आहेत? मानाजीला झोप लागते का? डावा पाय उचलून टाकतो की अजून फरशीवरून ओढतो? आणि तुमच्या दारातली ती म्हातारी कुत्री, त्याच्या खुर्चीखाली बसणारी, अजून भुंकते ना?

इकडे अक्का बरी आहे, म्हणजे भांडते आहे. माझं विचारशील तर मी थकलोय. दुखत काही नाही. सकाळी दुकानाचं शटर वर केलं की थोडा वेळ स्टुलावर बसावं लागतं, मग पाना हातात येतो.

आता पुढचं मानाजीला मोठ्याने वाचून दाखव.

मानाजी, तुझी येझदी मजेत आहे. पुढचं चाक काढून तिला लाकडी खोक्यावर टेकवली आहे, पाहुण्यासारखी. हेडलाइट नाही, मडगार्ड नाही, सायलेन्सर वर चढवलेला. ज्याला त्याला वाटतं मी भंगार घेऊन बसलोय. मातीच्या शर्यतीसाठी तू तिची ही दशा केलीस, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पुढचे दोन्ही शॉकर खोलले तेव्हा आतून जे तेल निघालं त्याला वास कसला, तर उन्हाळ्यात विसरलेल्या ताकाचा. त्यांचे पाइप काचेवर लोळवून पाहिले. एक सरळ लोळला, दुसरा अडखळत. लेथवर काम करणारा उमाशंकर खरादवाला म्हणाला, "भिया, ये तो पिया हुआ है, सीधा चलेगा ही नहीं." मी म्हटलं, चालवणारा कोण होता ते तुला माहीत नाही, पाइपला बोल लावू नकोस. त्याने दाबून सरळ करून दिला आणि इंदूरहून दोन्हींवर नवं क्रोम चढवून आणलं. आता त्यात बघून दाढी करता येईल. फक्त तेल धरणारे सील अजून मिळत नाहीत. त्या मापाचे आता कोणी ठेवत नाही. मनावर गावातल्या एका जुन्या दुकानदाराला सांगून ठेवलंय. थोडं थांब.

सरला, इथे थांब. पुढचं मनात वाच.

सील मिळाले आहेत, नवरात्राच्या आधीच. बसवलेत, तेल मोजून भरलंय. दोन्ही शॉकर तयार आहेत. तुला हे माहीत आहे, कारण तूच घटस्थापनेला इथे आली होतीस आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली होतीस, "दादा, तुमचं काम सावकाश चालू द्या. संपवू नका." तू रडली नाहीस. रडली असतीस तर समजूत घालून मला नाही म्हणता आलं असतं.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्या दिवशी तू एकटीच घरात होतीस. एवढं सावरलेलं माणूस परत जमिनीवर पडलेलं तुला बघायचं नाही. गाडी झाली की तो बसणार. बसला की उतरणार नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. नालछ्याच्या रस्त्याने मी त्याच्या मागे एकदाच बसलो होतो. त्यानंतर मांडूला जायचं झालं की मी बसच धरली.

म्हणून मी होय म्हटलं आणि निमित्तं काढत बसलो. कधी पाइप, कधी बुश, कधी उमाशंकर गावाला गेलाय. तो बिचारा घरातच बसलेला असायचा. निमित्तं संपत आली तेव्हा मी एक शहाणपणा केला. खंडेनवमीला आजोबांची तलवार, माझे पाने, अक्काची विळी पाटावर मांडली, त्यांच्याच शेजारी दोन्ही शॉकर ठेवले. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. म्हटलं, पूजेतल्या वस्तूला हात लावता येत नाही, तेवढेच दोन दिवस निघतील.

दसऱ्याला पूजा उठवायला गेलो तर अक्का पाटासमोर फतकल मारून बसलेली.

"तुझे पाने तू उचल," म्हणाली. "विळी मी घेतली. तलवार घरातल्या थोरल्याची, ती तू घे. हे दोन कुणाचे?"

"मानाजीचे."

"मग त्याला बोलव. ज्याचं हत्यार त्याने उचलायचं. आपल्याकडे असंच आहे."

"अक्का, ते काय हत्यार आहे का?"

"मग पूजेत कशाला बसवलंस? देवासमोर लपवायला?"

आपल्या अक्काला कमी ऐकू येतं, पण नको ते सगळं दिसतं. तेव्हापासून शॉकर पाटावरच आहेत. दिवाळी त्यांच्यासमोर झाली. झेंडू वाळला तो अक्का काढते आणि ताजं फूल ठेवते. संध्याकाळी दिवा लावताना माझ्याकडे बघते. मी शटर ओढून घरात येतो आणि त्या पाटावरून नजर चुकवून हातपाय धुवायला जातो. या वयात, स्वतःच्या घरात.

हे असंच चालू दिलं असतं. पण काल चिरागचा फोन आला. पोरगं सरळ मराठी बोलत नाही, पण बोललं ते नीट कळलं. "काका, पपांनी तो रबरचा बॉल अलमारीत ठेवून दिला. डॉक्टरसाहेब येऊन गेले तर हातच पुढे नाही केला. मी पूछा, तर बोलले, गाडी होणारच नाही, तर हात कशाला." मानाजीला एवढं वाक्य जुळवायला किती वेळ लागला असेल ते तूच सांग. तू मला हे कळवलं नाहीस. मी समजू शकतो का नाही कळवलंस ते.

डाव्या हाताने तो चेंडू क्लचसाठी दाबत होता, सरला. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी नाही, डॉक्टरांसाठी तर नाहीच. आपण दोघांनी मिळून त्याचा क्लच काढून घेतला.

आता एक खरोखरचं काम सांगतो, हे निमित्त नाही. शॉकरच्या आत स्प्रिंग असते आणि तिच्या डोक्यावर पाइपचा एक तुकडा बसवतात. तुकडा लांब ठेवला की पुढचा भाग कडक, आखूड ठेवला की मऊ. तो बसणाऱ्याच्या वजनावर कापायचा असतो. गाडीवर माणूस बसला की पुढचा भाग थोडा दबला पाहिजे. दबलाच नाही तर प्रत्येक दगड सरळ मनगटात येतो. मी तुकडे कापले ते डोक्यात जो मानाजी होता त्याच्या मापाने. दंड फुगवून शर्यतीच्या मैदानात कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, तो. भाऊबीजेला अक्काला घेऊन तुमच्याकडे आलो, तेव्हा ओवाळून घ्यायला तो पाटावर बसला आणि त्याचा झब्बा खांद्यावर खुंटीला टांगल्यासारखा दिसला. अक्का ओवाळत होती आणि मी मनात तुकडा पुन्हा कापत होतो. किती कापू ते कळलं नाही. अजून कळत नाही. माणूस बसल्याशिवाय ते कळतच नाही.

म्हणून त्याला घेऊन ये. चिरागला म्हणावं मोटार काढ, सावकाश आणा. पाटावरचे शॉकर तो उचलेल. डाव्या हाताने नाही जमलं तर मी खालून हात देईन, अक्काने बघितलं तरी देईन. मी चाक जोडतो. मग त्याला आपण तिघं धरून बसवू आणि मी खाली वाकून बघेन किती दबतं ते.

त्याच्या पुढचं तू विचारशील. मग काय, दादा?

मग तो क्लच दाबेल. तो क्लच मी तुझ्या शब्दाखातर कडक केलेला नाही आणि त्याच्या लोभाखातर हलकाही केलेला नाही. कंपनीतून निघाला तसाच आहे. दाबता आला तर आपल्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत, मातीत, दोन चकरा मारेल. मी बाजूने चालेन, पळणं आता होत नाही. दाबता आला नाही तर ते त्याला गाडी सांगेल. तिचं तो ऐकेल. आपलं ऐकणार नाही आणि त्याने ऐकावं असं आपण काही केलेलंही नाही.

पडेल का? पडू शकतो. हे मी लपवत नाही. पण देवघरात ते शॉकर बघत बसणं माझ्याच्याने आता होत नाही, आणि अलमारीतला तो चेंडू बघणं तुझ्याच्याने होत असेल असं मला वाटत नाही.

आता पहिल्यापासून सगळं त्याला मोठ्याने वाचून दाखव. मनात वाच म्हटलं तेही. सील मिळत नाहीत हे खोटं होतं, तेही. तू रागावशील, तो माझ्यावर चिडेल, काहीतरी फेकून मारेल. फेकताना डावा हात उचलला तर मला कळव.

उत्तराची वाट फार बघायला लावू नका. दोन ओळी पुरेत, आणि शक्य झालं तर त्या त्याच्या हातच्या असू देत, वेड्यावाकड्या असल्या तरी मी लावून घेईन.

तुमचा,
खोक्यावरच्या गाडीपाशी बसलेला
संताजी