चाळीस दिवसांसाठी गेलेली आई

पुंता आरेनास,
११ डिसेंबर १९६६

ती. सौ. एर्मेताईस,
ओतीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे बोटीवरच्या स्वयंपाक्याने घरी आणून दिले. मोजे नोएमीला ढोपराच्या वर येतात, पण इथल्या वाऱ्याला तेच बरे. पोरगी दोन महिन्यांची झाली. हसायला लागली आहे. एरिबेर्तोला वाटतं, बापाला बघून हसते. आई म्हणते, कसलं हसू नि काय, पोटात वायू धरलाय.

बाळंतपणाचे चाळीस दिवस कधीच उलटले, तरी आई परत जायचं नाव काढत नाही. मीही विचारत नाही. इतकी रमली आहे की तुझा विश्वास बसणार नाही. रोज अकराच्या सुमारास नोएमीला शालीत छातीशी बांधते आणि बाहेर पडते. एरिबेर्तोने मांसाच्या कारखान्यातल्या एका मित्राकडून बाबागाडी आणली होती, तिच्यात आईने कोबी भरून ठेवलेत. पोर चाकांवरून फिरवायला ती काय मासळीची टोपली आहे का, म्हणते. परवा असा वारा सुटला की चौकात दोर बांधले होते, लोक दोर धरधरून रस्ता ओलांडत होते. आपली आई एका हातात दोर, दुसरा हात नोएमीच्या डोक्यावर, आणि तोंडाने गाणं! ताई, आईला गाणी येतात हे तुला ठाऊक होतं? मला तर आत्ता कळलं.

अबदोनभाऊजींना नमस्कार, मुलांना पापे. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ओती


आचाओ,
८ जानेवारी १९६७

चि. ओतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोरीचं वजन वाढतंय हे वाचून बरं वाटलं. तिच्या कानामागे खरूज धरू देऊ नकोस, तुझ्या धरली होती. मी तेरा वर्षांची होते आणि तू तीनची. महिनाभर चरबी चोळत बसले होते, तेव्हा गेली.

आईला गाणी येतात हे मलाही ठाऊक नव्हतं. माझी तिघं याच घरात जन्मली आणि आईही याच घरात राहत होती. पण ती उजाडायच्या आत शिंपल्यांच्या कारखान्यात जायची आणि परत यायची ती खाऱ्या पाण्याने फाटलेली बोटं घेऊन. तिच्या तोंडून मी ऐकली ती दोनच वाक्यं: चुलीत लाकूड सार, आणि त्या कार्ट्याला गप्प कर. आता कारखाना सुटला, कंठ फुटला. असतं एकेकाचं नशीब.

तिला सांग, तिची तांबडी कोंबडी अंडी घालेनाशी झाली आहे. मी काही म्हणत नाही. कोंबडीला कळतं एवढंच.

अबदोन नव्या लाँचीच्या फळ्यांना रंधा मारतोय. आमची धाकटी सेल्मिरा सात वर्षांची झाली, आजी कधी येणार म्हणून विचारते. मी म्हणते, आजीला दुसरी नात मिळाली. मस्करीत म्हणते हं.

लोभ करणारी माणसं तिकडे बरीच झाली आहेत, तरी इकडचाही ठेवावा.

एर्मे


पुंता आरेनास,
१६ फेब्रुवारी १९६७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी मस्करी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, एर्मेची जीभ तिच्या बापावर गेली आहे.

रविवारी आम्ही सगळे एरिबेर्तोच्या मुकादमाच्या ट्रकमधून समुद्रकाठी गेलो होतो. पुरुषांनी अख्खं कोकरू सळईवर लावलं. आई ट्रकच्या आडोशाला वारा चुकवून बसली, नोएमी मांडीवर. मी म्हटलं, आण, मी घेते, तू जेव. तर म्हणाली, तू जेव, दूध तुला यायचंय, मला नाही. तिने एक हाड चोखून स्वच्छ केलं आणि नोएमीच्या हिरड्यांवर फिरवलं. पोरगी अशी चवताळून चोखायला लागली की मुकादमाची बायको म्हणाली, ही मोठी झाली की नवऱ्याचं ताट खाईल. मग आईने कालाफातेच्या झुडपात हात घालून काटे बोचवून घेतले आणि दोन मुठी जांभळी फळं काढली. परत येताना सगळ्यांच्या जिभा निळ्या.

सोबत फोटो पाठवते. चौकातल्या फोटोवाल्याने काढला आहे. आईने माझी टोपी घातली आहे. तुझ्या घरात लाव, म्हणजे तुम्हालाही ती जवळ असल्यासारखी वाटेल.

माया अशीच राहू दे.

ओती


आचाओ,
१९ मार्च १९६७

ओतीस,
आशीर्वाद.

फोटो मिळाला. अबदोनने तो भिंतीवर लावला. मी काढला. सेल्मिराने परत लावला. आता तो आहे तिथेच आहे.

आई हसली की वरचा एक दात नाही हे मला या फोटोवरून कळलं. चौतीस वर्षं झाली मला या आईच्या पोटी येऊन. माझ्या लग्नाच्या फोटोत तिचं तोंड शिवल्यासारखं आहे, जाऊन बघ, तुझ्याकडेही एक प्रत आहे.

तू लिहितेस ते मी चुलीपाशी बसून दोनदोनदा वाचते. का वाचते कोण जाणे, वाचलं की जेवण जात नाही. समुद्रकाठी गेलो, अमुक खाल्लं, तमुक खाल्लं. आमचा समुद्र दारापासून ऐंशी पावलांवर आहे. माझ्या तिघांपैकी एकाला तरी आईने कधी तिथवर उचलून नेलं होतं? मोठा जन्मला तेव्हा मला ताप होता. ती दारातून म्हणाली, शेजारणीला हाक मार, आणि कामावर गेली. तुझ्या वेळी मात्र चार दिवसांची बोट, आखाताचं पाणी, सगळं चाललं. तू धाकटी म्हणून? की तुझा नवरा पगारी म्हणून? मला खरंच कळत नाही, म्हणून विचारते.

बटाटे काढायला आले आहेत. दोन हात कमी आहेत. आईला म्हणावं, सहा महिने होत आले, पाहुणचार पुरे.

रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल.

एर्मे


पुंता आरेनास,
५ एप्रिल १९६७

ताई,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी रडले आणि नोएमी माझ्याकडे बघून रडली. मी तुला आनंद वाटावा म्हणून सगळं लिहीत होते. घरात काही गंमत झाली की ती आधी ताईला सांगायची, ही सवय तूच लावलीस ना मला?

आईला पत्र वाचून दाखवलं, पण निम्मं गाळलं. तिला ते समजलं बहुतेक, कारण मी थांबले तिथे तिने विणकामाचे टाके मोजायचे सोडून माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, जातेस का बटाट्यांना? ती म्हणाली, बटाटे एर्मे एकटी काढेल, ती लहानपणापासून खंबीर आहे, तिला कुणाची गरज लागत नाही. आता हिवाळा येईल, तो सरला की बघू.

तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. विचारलंस म्हणून जे झालं ते कळवलं.

लोभ कमी झाला असेल तर तसं स्पष्ट लिही.

ओती


आचाओ,
२० एप्रिल १९६७

चि. ओतीस,
आशीर्वाद.

जास्त लिहवत नाही. दहा दिवस अंथरुणाला खिळून आहे. छातीत कळ येते, तापही उतरत नाही. अबदोन जमेल तसा स्वयंपाक करतो. आईला सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव.

एर्मे


पुंता आरेनास,
३ मे १९६७

माझ्या ताईला,
शि. सा. न. वि. वि.

आई काल तिकडे यायला निघाली. तुझी चिठ्ठी मी पुरती वाचूनही दाखवली नव्हती तोच तिने बोचकं बांधायला घेतलं. बोटीत जागा नव्हती. खलाशांच्या मुदपाकखान्याबाहेर बाकावर बसून जाते म्हणाली, आणि बसली. शिडीवर पाय ठेवायच्या आधी नोएमीला माझ्याकडे दिलं आणि मागे वळून पाहिलं नाही. इथले लोक म्हणतात, आखातात दोन दिवस तुफान आहे, एक लाकडाची बोट परत फिरली.

नोएमी सकाळपासून दाराकडे बघते. अकरा वाजले की हातपाय झाडते. मी तिला शालीत बांधून बाहेर नेलं, पण मला ती शाल नीट बांधता येत नाही, पोर सारखी घसरते.

ताई, माझं चुकलं. तू आजारी पडेपर्यंत मी आईला ठेवून घेतलं. तुला काही झालं तर मी काय करू? तार कर. एकच शब्द पाठव, पण पाठव.

तुझीच,
ओती


आचाओ,
१३ मे १९६७

ओतिलियास,
आईचे आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. अक्षर जुळवून घे.

पोचले. आखातात तीन दिवस पोटात काही ठरलं नाही. बाक खिळवलेला होता म्हणून मी होते. कास्त्रोच्या बंदरातून लाँच धरली. वाटभर एकच डोक्यात, पोरगी जिवंत सापडू दे. टेकाड चढून वर आले तर समोरून एर्मे. पाठीवर बटाट्यांचं पोतं. गाल लाल. मला बघून पोतं खाली टाकलं. बटाटे उतारावरून गडगडत गेले, कुणी धावलं नाही.

मी हात उचलला होता मारायला. मग खाली घेतला. एवढ्या मोठ्या बाईला काय मारायचं.

ती म्हणाली, मी खोटं लिहिलं, बोल काय बोलायचंय ते. गेलो, बटाटे वेचले. वेचता वेचता तीच बोलायला लागली. मोठ्याच्या वेळचा ताप, शेजारीण, सगळं. तिचं खरं आहे. एक दिवस खाडा केला की माझ्या जागेवर दुसरी उभी राहायची, आणि घरात तुम्ही सगळी खाणारी तोंडं होता. पण हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. कारण सांगायला थांबावं लागतं.

मग मीही तिला एक सांगितलं. ते तुलाही सांगते, म्हणजे तिच्याकडून उलटंसुलटं कळायला नको. तुला कळा सुरू झाल्या तेव्हा मी उंबऱ्यात उभी होते. पाणी तापवून आणलं होतं. तू आई म्हणाली नाहीस. एकदाही नाही. एर्मे, एर्मे म्हणून हाका मारत होतीस. सुईण माझ्याकडे बघून म्हणाली, एर्मे तुम्हीच का? मी म्हटलं, हो. आणि तुझा हात धरला.

म्हणून राहिले मी तिथे. पोरीने तरी पहिली ओळख माझी धरावी एवढीच हाव होती. एर्मेवर जळत होते. स्वतःच्या लेकीवर. पासष्टाव्या वर्षी.

शालीची गाठ खांद्यावर मारतात, कमरेला नाही. पोर घसरणार नाही.

आई


आचाओ,
१६ मे १९६७

चि. सौ. ओतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तार मिळाली असेल. मी ठणठणीत आहे. आखातात आईची बोट बुडाली असती तर मी जन्मभर काय तोंड घेऊन हिंडले असते, हा विचार चार दिवस सोडत नाही. तुझ्या पत्रातलं ते वाक्य, माझं चुकलं ताई, ते तर वाचवत नाही. तुझं काही चुकलं नव्हतं.

आईने सुईणीचं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. माझं नाव घेतलंस. मग आईकडे पाहिलं. ती बटाट्यावरची माती शालीच्या टोकाने पुसत होती, एकच बटाटा, पुन्हा पुन्हा. तिच्या हातून तो काढून घेतला आणि आम्ही दोघी तिथेच बसलो. अबदोन येऊन बघून गेला, काही विचारलं नाही. शहाणा माणूस.

ओती, तुझ्या वेळी तू बोलावलंस तेव्हा मी आलेच नाही. पेरणी आहे म्हणून आईला पाठवलं, आणि मग गेली म्हणून तिच्यावर चिडले. पेरणी खरी होती. पण मला भीतीही होती, की तिथे तुझं स्वतःचं घर असेल, आणि मी तिथे कुणीच नसेन.

आता ऐक. पुढच्या मंगळवारच्या बोटीने मी येते. घर आई बघते आहे. तिला हे मनातून पसंत नाही, कालपासून भांडी आपटते. आपटू दे, हक्क आहे तिचा. मी सहा महिने तुमच्या दोघींवर जळले, त्यात पोरीवरही जळले, दुधावरच्या पोरीवर. हे कागदावर लिहून टाकते, कारण समोर आल्यावर माझ्या तोंडून निघणार नाही. तूही तो विषय काढू नकोस.

नोएमीला धक्क्यावर घेऊन ये. ती मला ओळखणार नाही, आजीलाच शोधेल आणि रडेल. तरी माझ्या हातात दे.

एर्मे