आईच्या पाटीला पट्टा

रुपाली,

आईची रानभाजीची पाटी जाग्यावर नाय, म्हणजे ती एसटी गाठायला चालतच निघालीय, मुरबाडच्या बाजाराला. मी तिच्या मागं जातोय. तू रात्रभर खोकत होतीस, म्हणून उठवलं नाय.

जीप विकून ही जुनी मोठी गाडी आणली तवा तू एकच विचारलंस, आई पाटी घेऊन कुठं बसेल? मी हसलो. बोललो, पुढं, राणीसारखी.

गेल्या बाजाराला ती पुढं बसली. शेवळांची ओली पाटी मागच्या सीटवर ठेवली. गाडीला वाटलं माणूसच बसलंय, पट्टा लावा म्हणून ती वाजायला लागली, थांबेच ना. मी आईवरच वैतागलो. पाटी मांडीवर घे बोललो, आणि चिखलाचे पाय गाडीला लावू नको. टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत ती पाय अधांतरी धरून बसली. उतरली तवा लुगडं मांडीपासून खाली भिजलेलं. एवढंच बोलली, "गाडी चांगलीय रे."

काल मी मागचा पट्टा रिकाम्या सीटवर अडकवून बघितला. वर पाण्याची कळशी ठेवली, तरी गाडी गप. एवढंच करायचं होतं.

चावी खुंटीला आहे. गाडी नेत नाय. नेली तर ती "तू हो पुढं" बोलेल आणि मी खरंच पुढं जाईन. चालत गेलो तर पाटी तरी मागता येईल. देईल का, ठाऊक नाय.

जगदीश